वीकेण्डला व्याघ्रगड!

नावेतून जायचं, जंगलातून चढायचं आणि वर पोचलं की पायाखाली अख्खं कोकण! पण एक अट आहे, बॉस. संध्याकाळ व्हायच्या आत जंगल रिकामं करायचं. सातारा जिल्ह्यातल्या वासोट्याचा हा एक दिवसाचा प्लॅन खास तुमच्यासाठी...

शुक्रवारची संध्याकाळ. ऑफिसच्या पॅण्ट्रीत मशीनची पांचट कॉफी हातात घेऊन एकच प्रश्न सगळीकडे फिरत असतो, 'वीकेण्डला काय प्लॅन?' उत्तरंही ठरलेली. मॉल, मल्टिप्लेक्स, नाहीतर लोणावळा. म्हणजे आधी घाटात गाड्यांचा ट्रॅफिक आणि मग भुशी डॅमवर माणसांचा! ट्रेकिंगवाल्यांचं तरी काय वेगळं आहे? सिंहगड पाठ झाला, राजमाचीचे काजवे बघून झाले, कळसूबाईच्या शिड्यांवर लायनी लावून झाल्या. हरिश्चंद्रगडावर तर रात्री टेण्टची अख्खी हाउसिंग सोसायटी वसते.

मग आता जायचं कुठे?

उत्तर आहे, वासोटा. जावळीच्या खोऱ्यात, कोयनेच्या बॅकवॉटरच्या पलीकडच्या काठावर, सह्याद्रीच्या ऐन धारेवर बसलेला वनदुर्ग. उंची साधारण ११७० मीटर. पायथ्यापर्यंत गाडीचा रस्ता नाही, त्यामुळे साताऱ्याच्या बाजूनं जायचं तर नाव हवीच. वाटेत चहाची टपरी नाही, लिंबूसरबत नाही, मॅगी नाही. मोबाइलची रेंज तर बामणोलीचा धक्का सोडला की टाटा करते. म्हणजे शनिवारी दुपारी 'क्विक कॉल घेऊ या का?' असं विचारणाऱ्या बॉसपासून पूर्ण सुटका! ट्रेकला जायला एवढं एक कारण पुरेसं नाही का?

आधी नाव, मग पाय

साताऱ्याहून कासच्या पठारावरून पस्तीस-चाळीस किलोमीटर गेलं की बामणोली लागतं. आमच्या ऑफिसची आठ जणांची गँग सकाळी सातलाच तिथे हजर होती. दोन टेस्टर, एक अकाउण्ट्सवाला, एक एचआरवाली, नुकतीच जॉइन झालेली ट्रेनी, टीम लीड वगैरे वगैरे. म्हणजे एरवी एकमेकांना फक्त ईमेलमध्ये सीसी करणारी मंडळी.

आधी वनखात्याच्या ऑफिसात नावं, ओळखपत्रं, प्रवेशाची फी. मग नाव. डिझेल इंजिनाच्या नावेत लाइफ जॅकेट चढवून सगळे बसले आणि नाववाल्या मामांनी पहिली सूचना दिली, "मधी मधी बसा. फोटूसाठी समदी एका अंगाला जाऊ नगा." पुढचा तासभर मग फक्त इंजिनाची धडधड, दोन्ही बाजूंना पाण्यात उतरलेले हिरवे डोंगर आणि तोंडावर येणारा गार वारा. कोयना, सोळशी आणि कांदाटी या तिन्ही नद्यांचं पाणी या भागात एकत्र येतं. कॅलेण्डरवरचं स्वित्झर्लंड विसराल, इतकं सही दृश्य!

टेस्टरनं सहज विचारलं, "मामा, इथे खोली किती असेल हो?"

मामांनी इंजिन जरा कमी केलं. म्हणाले, "खोली काय सांगू तुमास्नी? हितं खाली आमचं गाव हाय. माझ्या बापाचं लगीन त्या गावात झालं. उन्हाळ्यात पानी लई उतरलं तर जोती दिसत्यात घरांची."

नावेत एकदम शांतता.

हे शिवसागर जलाशयाचं पाणी. कोयना धरण साठच्या दशकात पूर्ण झालं आणि या खोऱ्यातली कित्येक गावं, शेतं, देवळं पाण्याखाली गेली. सुमारे १०५ टीएमसी पाणी मावेल एवढा हा साठा. यातलं बरंचसं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला कोकणाच्या बाजूला सोडतात आणि त्या उतारावर वीज तयार होते. कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १९६० मेगावॅट. म्हणजे आपल्या ऑफिसातला एसी, लॅपटॉप आणि ती पांचट कॉफीची मशीनसुद्धा ज्या राज्याच्या विजेवर चालते, त्या विजेत या बुडालेल्या गावांचा वाटा आहे. गावातली माणसं कुणी वर डोंगरावर सरकली, कुणी सोलापूर-सांगलीकडे गेली, कुणी मुंबईला गोदीत आणि माथाडीत. पुनर्वसनाच्या मागण्यांसाठी त्यांच्या पुढच्या पिढ्यांनाही आंदोलनं करावी लागली आहेत. आपण 'बॅकवॉटर व्ह्यू' म्हणून ज्याचे फोटो टाकतो, ते कुणाचं तरी गाव आहे, एवढं लक्षात ठेवून पुढे जाऊ या.

बॅगा उघडा!

नाव लागते ती मेट इंदवलीला. इथलं गाव उठलं, नाव तेवढं राहिलं. आता इथे वनखात्याची चौकी आहे. तिथे जे होतं ते एअरपोर्टच्या सिक्युरिटीला लाजवेल! बॅगा तपासतात. सिगारेट, लायटर, दारू काहीही आत जात नाही. आणि सोबतच्या प्लॅस्टिकची चक्क मोजदाद होते. वेफर्सची पाकिटं किती, पाण्याच्या बाटल्या किती, बिस्किटांचे पुडे किती, सगळं मोजून घेतात. जेवढं नेलं तेवढं परत आणून दाखवायचं.

आमच्या अकाउण्ट्सवाल्याला ही सिस्टीम जाम आवडली. "ओपनिंग बॅलन्स इज इक्वल टू क्लोजिंग बॅलन्स," तो म्हणाला. "आपल्या व्हेण्डरांना पण हेच लावायला पाहिजे!"

मामांनी शेवटची सूचना दिली ती मात्र हसत हसत नव्हे. "चारच्या आत खाली पायजे. चारला नाव सुटती. वर ऱ्हायचं न्हाई, काय बी झालं तरी."

छत्री झाडांची

चौकी सोडली की सुरुवातीला वाट गरीब वाटते. एक ओढा ओलांडायचा, मारुतीला हात जोडायचे आणि पुढे दहाच मिनिटांत जंगल तुम्हाला आत ओढून घेतं. डोक्यावर फांद्यांचं छत इतकं दाट की भर उन्हातही वाटेवर फक्त उन्हाचे कवडसे. कोयनेच्या या पट्ट्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. तोही सगळा चार महिन्यांत. एवढं पाणी प्यायलेलं जंगल मग उन्हाळ्यातही पूर्ण वाळत नाही. अंजन, जांभूळ, हिरडा, पिसा, आंबा, त्यांच्या खाली कारवीचं रान आणि मध्येच मनगटाएवढ्या जाड वेली. पावलांखाली पानांचा गालिचा. सिंहगडावर जसा घाम डोळ्यांत जातो तसा इथे जात नाही, कारण ऊन अंगावर येतच नाही. पण म्हणून चढ सोपा आहे असं समजू नका हं! जलाशय पूर्ण भरलेला असताना पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ६५९ मीटरच्या आसपास असते. म्हणजे नावेतून उतरून गडावर जाईपर्यंत पाचशे मीटर उभं चढायचं असतं. ऑफिसच्या लिफ्टला विसरून दीडशे मजले चढण्यासारखंच!

या जंगलाचा खरा फंडा म्हणजे आवाज. पहिली पंधरा मिनिटं आम्ही बडबडत होतो. मग सोबतच्या वाटाड्यादादानं ओठांवर बोट ठेवलं. थांबलो. आणि मग एकेक ऐकू यायला लागलं. वर फांदीवर काहीतरी खडखडलं. लांब, झुपकेदार शेपटी सोडून तांबूस रंगाचा शेकरू एका झाडावरून दुसऱ्यावर झेपावला. महाराष्ट्राचा राज्यप्राणी, तोही फुकटात! ओढ्याच्या बाजूनं कुणीतरी शीळ घातल्यासारखा आवाज आला. ट्रेनी मागे वळून टेस्टरकडे रागानं बघायला लागली. तो बिचारा निर्दोष होता. शीळ घालणारा होता शीळकरी कस्तूर पक्षी. माणसानं गुणगुणावं तशी हुबेहूब शीळ घालतो.

वाटेत एका ठिकाणी दादानं चिखलातला खुराचा ठसा दाखवला. "गवा," एवढंच बोलला. आणि मग आमची बडबड आपोआप बंद झाली.

वाघाचं घर

या गडाला शिवाजी महाराजांनी नाव दिलं, व्याघ्रगड. १६६० च्या सुमारास हा गड स्वराज्यात आला तेव्हा या रानात वाघ असणार, हे नावच सांगतं. पुढे शिकारी झाल्या, जंगलं तुटली आणि वाघ नावापुरताच उरला.

पण गोष्ट तिथे संपत नाही. १९८५ मध्ये कोयना अभयारण्य झालं. २०१० मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०१२ मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा मान दिला, त्यातल्या ठिकाणांमध्ये कोयना आहे. वर्षानुवर्षं वाघाचा पत्ता नव्हता. २०१८ मध्ये कॅमेरा ट्रॅपमध्ये वाघाचा फोटो मिळाला तेव्हा वनखात्यात केवढा आनंद झाला असेल! आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबाची एक वाघीण चांदोलीत आणली गेली. सह्याद्रीत वाघांचा संसार पुन्हा मांडायचा प्रयत्न आहे हा. साडेतीनशे वर्षांपूर्वी ठेवलेलं नाव पुन्हा खरं व्हायच्या बेतात आहे, राव!

घाबरू नका. वासोट्याच्या वाटेवर दिवसा, ग्रुपनं चालताना वाघ समोर येण्याची शक्यता नसल्यातच जमा. गवा, अस्वल आणि सांबर मात्र इथले रहिवासी आहेत. आणि आपण पाहुणे. पाहुण्यानं जेवून-खाऊन वेळेत निघायचं असतं.

डेडलाइन बोटीची!

साधारण निम्मी चढण झाल्यावर आमच्या ट्रेकचा खरा क्लायमॅक्स आला. वाट फुटते ती जागा. एक वाट वासोट्याला, दुसरी नागेश्वराच्या गुहेकडे. आमच्या लीडनं एक्सेल शीटमध्ये प्लॅन बनवला होता. आधी वासोटा, मग धारेवरून नागेश्वर, मग खाली. त्यात नऊ सव्वानऊला चढायला सुरुवात आणि प्रत्येक टप्प्याला मिनिटं दिलेली होती. पण फाट्यावर पोचायलाच सव्वाअकरा झाले होते. आणि अकाउण्ट्सवाला धापा टाकत एका दगडावर बसला तो पोटरी धरून. पायात गोळा आला होता. तोंड घामानं चिंब, ओठ सुकलेले.

"तुम्ही व्हा पुढे," तो म्हणाला. "मी इथेच बसतो. येताना मला घेऊन जा."

लीडनं घड्याळ बघितलं. "चालेल का तसं? म्हणजे दोन्ही स्पॉट कव्हर होतील."

वाटाड्यादादा लगेच म्हणाला, "एकट्याला ठिवायचं न्हाई, सायेब. हितं गवं असत्यात."

"मग दोघं थांबा इथे," लीडचा पुढचा प्रस्ताव. आता सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. चार वाजल्यापासून उठून, साताऱ्यावरून एवढ्या लांब येऊन फाट्यावर कोण थांबणार? आणि थांबणाऱ्याच्या मनात काय येणार? अकाउण्ट्सवाला मान खाली घालून बसला होता. ऑफिसात सगळ्यांची बिलं पास करणारा माणूस, पण इथे मात्र तो स्वतःच सगळ्यांच्या वाटेतला अडथळा झाला होता.

एचआरवालीनं बॅग खाली ठेवली. शांतपणे म्हणाली, "हे बघ, डेडलाइन बोटीची आहे, नागेश्वराची नाही. उलटं मोजू या."

आणि खरंच उलटं मोजलं. चारला नाव, म्हणजे साडेतीनला चौकीवर. उतरायला पावणेदोन तास, म्हणजे पावणेदोनला गड सोडायचा. आता वाजले होते सव्वाअकरा. नागेश्वर कट केला तर हातात अडीच तास. फाट्यावरून गड तासाभराच्या चालीवर. हळू चाललं तरी सगळेच्या सगळे वर जाऊ शकत होतो. नागेश्वर धरला तर मात्र निम्मे इथे आणि उरलेले धावतपळत!

लीड दोन मिनिटं गप्प बसला. मग त्यानं खिशातून घडी केलेली ती शीट काढली, नागेश्वरावर पेनानं काट मारली आणि अकाउण्ट्सवाल्याची बॅग स्वतःच्या पाठीवर घेतली. "चल, ऊठ," म्हणाला. "तू पुढे. तुझ्या स्पीडनं सगळे."

दादानं त्याचा पाय सरळ करून बोटं नडगीकडे खेचून धरली. पोटरी सैल झाली. पाण्यात मीठ, साखर, लिंबू घालून अर्धा लिटर हळूहळू पाजलं. वीस मिनिटांत पठ्ठ्या उभा!

ट्रेकमधला हा सगळ्यात मोठा फंडा आहे, लिहून ठेवा. सगळ्यात हळू चालणारा सगळ्यात पुढे. तो मागे राहिला की काय होतं? पुढचे थांबून विश्रांती घेतात, हा धापा टाकत पोचतो आणि हा पोचला की पुढचे लगेच निघतात. म्हणजे ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज, त्याला ती कधीच मिळत नाही. त्याला पुढे घातलं की सगळ्यांचा दम टिकतो, गप्पा चालू राहतात आणि गंमत म्हणजे ग्रुप वेळेत पोचतो. बोलता बोलता चढता आलं पाहिजे, हाच योग्य स्पीड. बोलायला दम पुरत नसेल तर तुम्ही फार पळताय!

आम्ही पावणेएकला गडाच्या पडक्या दरवाज्यात होतो. आठच्या आठ.

पायाखाली कोकण

शेवटच्या टप्प्यात झाडी विरळ होते, कातळात खोदलेल्या पायऱ्या लागतात आणि पडझड झालेल्या दोन दरवाज्यांतून तुम्ही गडावर येता. समोरच बिनछपराचा मारुती. ऊन, पाऊस, वारा सगळं अंगावर घेत उभा! जवळ वाड्याचे अवशेष, चुन्याचा घाणा, पाण्याचं टाकं, महादेवाचं छोटं देऊळ. एका बाजूच्या माचीला काळकाईचं ठाणं म्हणतात. तिथून मागे वळून बघितलं की सकाळी ज्या पाण्यावरून आलो, तो सगळा शिवसागर दरीत निवांत पसरलेला दिसतो. आपली नाव? ती कुठली दिसायला!

पण खरा धक्का आहे तो दुसऱ्या टोकाला. बाबूकडा. जमीन अचानक संपते. इंग्रजी यू अक्षरासारखा आत वळलेला, सरळ तुटलेला कडा. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा ज्यांनी बघितलाय, त्यांना त्याच्या सख्ख्या भावाला भेटल्यासारखं वाटेल. समोर जुना वासोटा आणि खाली थेट कोकण. चोरवण्याच्या बाजूची शेतं, निळसर धुक्यात एकामागे एक डोंगर. हवा स्वच्छ असेल तर रसाळगड, सुमारगड, महिपतगड असे खेडच्या बाजूचे गडही ओळखता येतात. घाटमाथा आणि कोकण यांच्यातला फरक भूगोलाच्या पुस्तकात वाचला होता, इथे तो पोटात गोळा आणून कळतो. कड्याच्या टोकापासून लांब, पोटावर झोपून बघा. सेल्फीसाठी मागे मागे सरकू नका, प्लीज.

अकाउण्ट्सवाला तिथे दहा मिनिटं काही बोललाच नाही. मग म्हणाला, "मी फाट्यावर बसलो असतो, तर हे मला तुम्ही फोटोत दाखवलं असतं ना?" लीडनं त्याच्या हातात पोळीचा रोल दिला. विषय संपला!

व्ह्यूवाला तुरुंग

एवढी भारी जागा, पण इतिहासात वासोट्याची ओळख काय? तुरुंग! विचार करा ना. एका बाजूला कडा, बाकी सगळीकडे जंगल आणि जंगलात वाघ. पळून जाणार कुठे? शिवकाळात राजापूरच्या वखारीतले काही इंग्रज पकडले गेले, त्यांच्यातल्या काहींना इथे ठेवलं होतं.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे एका बाईनं बाजी लावली. ताई तेलीण. औंधच्या पंतप्रतिनिधींच्या बाजूनं ती पेशव्यांविरुद्ध उभी राहिली. पेशव्यांचा सेनापती बापू गोखले चालून आला, तेव्हा तिनं या गडाच्या आधारानं कित्येक महिने झुंज दिली. शेवटी गड पडला, पण तिचं नाव या डोंगरांत अजून घेतलं जातं. आणि १८१८ मध्ये इंग्रज-मराठा युद्धाच्या शेवटी साताऱ्याच्या छत्रपतींच्या घरातली माणसं बाजीराव पेशव्यानं इथेच ठेवली होती. दोन इंग्रज अधिकारीही कैदेत होते. इंग्रजांनी तोफा डागल्या आणि एप्रिल १८१८ मध्ये गड त्यांच्या ताब्यात गेला. ज्या जंगलानं गड एवढी वर्षं राखला, ते जंगलही तोफांपुढे हरलं.

रात्री राहायचं का नाही?

वर बसलं की एक गोष्ट प्रत्येकाच्या मनात येतेच. इथे टेण्ट टाकून रात्र काढली तर? चांदणं, कडा, गिटार! पूर्वी लोक राहायचेही. आता गडावर मुक्कामाला बंदी आहे आणि बरेच ट्रेकर त्यावर नाराज असतात. 'आम्ही थोडाच कचरा करतो' हे त्यांचं म्हणणं.

पण जरा विचार करा. या खोऱ्यातली माणसं आधी धरणासाठी उठली. नंतर व्याघ्र प्रकल्पासाठीही काही गावं हलली. ज्यांच्या पिढ्या इथे नांदल्या, त्यांची चूल इथे पेटत नाही. मग एका शनिवारच्या रात्रीसाठी आपल्या टेण्टला जागा कुठल्या तोंडानं मागायची? रात्रीचं जंगल प्राण्यांचं असतं. शेकोटीचा धूर, स्पीकर, टॉर्चचे झोत यांनी ते बिथरतात. मग हरिश्चंद्रगडावर काय झालंय ते आपण बघतोच आहोत. वासोट्याचं जंगल अजून जंगल आहे, कारण चार वाजता नाव सुटते.

उतरताना जपून

पावणेदोनला गड सोडला. चढताना दम लागतो, उतरताना गुडघे बोलतात. पाय टेकवताना गुडघा किंचित वाकलेला ठेवा, छोटी पावलं टाका, वाळलेल्या पानांवर घाई करू नका. पानांखाली सुटे दगड असतात. साडेतीनला दहा मिनिटं असताना आम्ही चौकीवर होतो. प्लॅस्टिक मोजून झालं. नऊ पाकिटं नेली होती, परत आली अकरा! दोन कुणाची तरी जुनी, वाटेत सापडलेली. चौकीवरच्या माणसानं पहिल्यांदाच हसून बघितलं.

नावेत मामांनी विचारलं, "समदी आली न्हवं?"

"आली मामा," अकाउण्ट्सवाला म्हणाला. "क्लोजिंग बॅलन्स आठ."

वासोटा फंडा

कसं जाल? पुण्याहून सातारा सुमारे ११० किलोमीटर, मुंबईहून अडीचशेच्या वर. साताऱ्याहून कासमार्गे बामणोली. एसटीनं गेलात तरी चालेल, पण सकाळची नाव गाठायची तर आदल्या रात्रीच बामणोली किंवा शेंबडीला मुक्काम करा. गावात घरगुती राहायची सोय होते. चुलीवरची भाकरी, पिठलं आणि ठेचा म्हणजे सोने पे सुहागा!

कधी जाल? पावसाळ्यात जंगल बंद असतं. ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी बेस्ट. मार्चनंतर उकाडा वाढतो, तेव्हा पाणी जास्त घ्या.

किती वेळ? नाव तासभर ते दीड तास, चढायला दोन-तीन तास, उतरायला दीड-दोन तास. नाव अख्खी ठरवावी लागते, त्यामुळे सहा-आठ जणांचा ग्रुप असेल तर खिशाला परवडतं.

काय न्याल? माणशी तीन लिटर पाणी, शक्यतो स्टीलच्या बाटल्यांत. मीठ-साखर-लिंबू, पोळीचे रोल, गूळ-शेंगदाणे, चिक्की. चांगली पकड असलेले बूट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, टोपी, ओळखपत्र.

काय नेऊ नका? परफ्यूम, डिओ, स्पीकर, सिगारेट. कड्यांवर आणि झाडांवर आग्या मोहोळं असतात. उग्र वास, धूर आणि गोंगाट यांनी माश्या उठतात. उठल्याच तर हात झटकू नका, डोकं-तोंड कापडानं झाका आणि तिथून लांब जा.

आणि हो... वाटाड्या स्थानिक घ्या, नाव स्थानिकांची घ्या, जेवण गावात जेवा. ज्यांचं खोरं आहे, त्यांच्या हातात चार पैसे गेले पाहिजेत.

तर मग येत्या शुक्रवारी पॅण्ट्रीत कुणी 'काय प्लॅन?' विचारलं, तर नावं गोळा करायला लागा. फक्त तुमच्या डिपार्टमेण्टमधल्या त्या सगळ्यात हळू चालणाऱ्यालाही विचारा. त्याच्याशिवाय वेळेत कोण पोचणार?